सिगारच्या पेटींतलें भांडवल

[नभोवाणीवरील भाषण]

चार मित्र एकत्र जमले आणि त्यांनीं एखादें मंडळ काढलें, ही कांहीं जगांतील नवलाची गोष्ट नव्हे. नाटकाचें म्हणा, वाचनाचें म्हणा, भजनाचें म्हणा, तरुणांच्या उत्साहाला असें वळण लागतेंच. खरी परीक्षा पुढच्या वर्षीं असते. मंडळाच्या पेटींत चार पैसे जमतात, ते कोणाचे हा प्रश्न निघतो, आणि तेथून पुढें मंडळाच्या सभा वाढत जातात व मंडळाचें काम कमी होत जातें. शिक्षकीच्या सबंध काळांत, स्नेहसंमेलनाच्या शिलकेवरून अबोला धरलेले जिवलग मित्र मीं इतके पाहिले आहेत कीं, शिलकीपेक्षां तूट बरी असें कधीं कधीं वाटे. म्हणून ज्या मुलांनीं पेटींतली शिल्लक वाटून न घेतां तिच्यांतून चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकलेली एक संस्था उभी केली, त्यांची हकीकत आज आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

हीं मुलें आपल्या देशांतील नव्हत. अमेरिकेची राजधानी जें वॉशिंग्टन शहर, तेथील तीं. आणि त्यांचा उद्योग म्हणजे रॉक संगीत. हा शब्द कानीं पडतांच कांहीं श्रोत्यांचा हात यंत्राच्या बटनाकडे जाईल. त्यांना माझी विनंति एवढीच कीं, क्षणभर थांबावें. मी येथें कांहीं वाजवून दाखविणार नाहीं. त्या संगीतांतही पंक या नांवानें ओळखलें जाणारें, अत्यंत जलद आणि कर्कश असें जें संगीत आहे, तें या मुलांचें. एक-दोन गिटार, एक खर्जाची गिटार, ढोलांचा एक ताफा, आणि त्यांवर ओरडून म्हटलेलीं मिनिट-दीड मिनिटाचीं गाणीं, एवढेंच त्याचें साहित्य. तें माझ्या कानाला रुचतें असें मी म्हणणार नाहीं. माझा एक भाचा त्याचा मोठा षोकी आहे. त्यानें आग्रहानें ऐकविलें तें मीं ऐकलें, आणि तालाला ही मंडळी पक्की आहेत, एवढी दाद मात्र मनापासून दिली. परंतु आजचा माझा विषय त्यांचें गाणें हा नसून त्यांचा कारभार हा आहे.

या संगीताचा व्यापार कसा चालतो हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. नाहीं तर पुढील गोष्टीचें मर्म कळावयाचें नाहीं. तबकड्या काढणाऱ्या मोठ्या कंपन्या तरुण वादकांशीं करार करतात. करारावर सही होतांच वादकांच्या हातीं एक ठोक रक्कम पडते. मुलांना वाटतें, आपल्या गुणांचें चीज झालें. वास्तविक ती असते उचल. ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि इतरही पुष्कळ खर्च तिच्याच खातीं लिहिले जातात, आणि तें सर्व वादकांच्या वाट्यांतून फिटेपर्यंत पुढची पै त्यांना दिसत नाहीं. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राहते. आपल्याकडे ऊंसतोडीच्या हंगामापूर्वीं मजुराला मिळणारी उचल ज्यांनीं जवळून पाहिली आहे, त्यांना याहून अधिक फोड करून सांगावयास नको. जे वादक अशा करारांत न शिरतां आपली तबकडी आपणच काढतात व आपणच विकतात, त्यांना तिकडे स्वतंत्र म्हणतात. स्वतंत्र होणें सोपें आहे. स्वतंत्र राहणें कठीण आहे.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. १९७९ च्या आरंभीं वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विश्वविद्यालयानें आपलें स्वतःचें नभोवाणी-केंद्र बंद केलें. तें केंद्र विद्यार्थी व हौशी मंडळी चालवीत. त्यावरून नाना प्रकारचें संगीत आणि नाना प्रकारचीं राजकीय मतें प्रसृत होत, आणि जेझुइट पाद्र्यांनीं चालविलेल्या त्या विश्वविद्यालयाला तीं सोसेनाशीं झालीं होतीं. केंद्राची लहरवाटणी दुसऱ्या एका विश्वविद्यालयाला एक डॉलर नाममात्र किंमत घेऊन देऊन टाकण्यांत आली. या निर्णयाचा निषेध म्हणून फेब्रुवारी महिन्यांत विश्वविद्यालयाच्याच एका सभागृहांत ‘क्रॅम्प्स’ नांवाच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. त्या गर्दींत इयन मॅके नांवाचा सोळा वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता. त्याचे वडील वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्रांत धर्मविषयक वार्ता लिहिणारे पत्रकार. एक नभोवाणी-केंद्र बंद झालें नसतें तर पुढचें रामायण घडलें असतें कीं नाहीं कोण जाणे. नभोवाणीवरून बोलतांना ही गोष्ट सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं.

मॅके आणि त्याचा मित्र जेफ नेल्सन हे दोघे वुड्रो विल्सन हायस्कूलचे विद्यार्थी. या शाळेचें नांव २०२२ सालीं बदलण्यांत आलें. अध्यक्ष विल्सन यांच्या वर्णभेदी धोरणाची आठवण शाळेच्या दारावर नको असें ठरलें, आणि तेथील पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका एडना जॅक्सन व पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक व्हिन्सेंट रीड यांच्या नांवानें ती आतां जॅक्सन-रीड शाळा म्हणून ओळखली जाते. अध्यक्षाचें नांव उतरवून शिक्षकांचें नांव लावलेली दुसरी शाळा माझ्या तरी ऐकिवांत नाहीं. असो.

या दोघांनीं आणखी दोन मित्र मिळविले आणि १९७९ च्या उत्तरार्धांत चौघांचा एक वाद्यवृंद उभा केला. नॅथन स्ट्रेजसेक गाणारा, जॉर्डी ग्रिंडल गिटारवर, मॅके खर्जाच्या गिटारवर आणि नेल्सन ढोलावर. नांव ठेवलें ‘टीन आयडल्स’. ऐकतांना त्याचा अर्थ ‘तरुणांचीं दैवतें’ असा वाटतो. लिहितांना मात्र ‘रिकामटेकडीं पोरें’ असा होतो. या श्लेषांतच त्यांचा स्वभाव दिसतो. वाद्यांचें रीतसर शिक्षण त्यांच्यापैकीं कोणाला फारसें नव्हतें. त्याच शहरांत ‘बॅड ब्रेन्स’ नांवाची कृष्णवर्णीय तरुणांची एक मंडळी होती. वयानें व तयारीनें ती या मुलांच्या पुष्कळच पुढें. त्यांचें वाजवणें इतकें जलद आणि तरीही इतकें नेटकें असे कीं, या चौघांनीं त्यांनाच गुरुस्थानीं मानलें. घरच्या तळघरांत तालीम करावयाची आणि जागा मिळेल तेथें वाजवावयाचें, असा क्रम सुरू झाला.

पण जागा मिळावी कशी? अशा संगीताचे कार्यक्रम तिकडे मुख्यतः मद्यालयांत होतात. मद्यालयाच्या मालकाला तिकिटापेक्षां पेयांतून अधिक मिळतें, आणि अल्पवयीन मुलगा पेय विकत घेऊं शकत नाहीं. इतकेंच नव्हे तर त्यानें चोरून घेतल्यास मालकाचा परवाना जावयाचा. म्हणून लहान मुलांना दारांतूनच परत पाठवीत. ज्यांना संगीताची खरी तहान, त्यांनाच संगीत ऐकावयाची बंदी, असा हा उफराटा न्याय होता. या मुलांना स्वतःला तर मद्याची गोडी नव्हतीच. मॅके मद्याला व इतर मादक पदार्थांना शिवत नसे, आणि शाळेंतले मित्र त्यापायीं वाया जातांना त्यानें पाहिले होते.

१९८० च्या उन्हाळ्यांत ही मंडळी सबंध खंड बसनें ओलांडून कॅलिफोर्नियांत गेली. बरोबर सामान उचलावयास म्हणून दोन मित्र. प्राप्ति म्हणाल तर एका कार्यक्रमाला दहा-पंधरा डॉलरांच्या घरांत. बसचें भाडेंही सुटलें नाहीं. पण सॅन फ्रान्सिस्कोंतील माबुहे गार्डन्स या ठिकाणीं त्यांना एक युक्ति दिसली. तेथें अल्पवयीनांना आंत सोडीत, मात्र त्यांच्या हाताच्या पाठीवर काळ्या शाईनें एक मोठी फुली काढीत. फुली दिसली कीं पेय देणाऱ्यानें पेय द्यावयाचें नाहीं. किती साधी तोड! मुलांनीं ती उचलली, वॉशिंग्टनला परत आलीं, आणि तेथें नुकत्याच निघालेल्या ‘नाइन-थर्टी’ नांवाच्या क्लबाच्या चालकांना म्हणालीं कीं, आमच्या हातांवर फुल्या काढा आणि आम्हांला गाणें ऐकूं द्या. आमच्यापैकीं कोणी पितांना सांपडला तर आम्हां सर्वांना कायमचें बाहेर काढा. चालकांनीं तें मान्य केलें. आम्ही शिक्षक लोक वहींत लाल फुली काढतों ती चूक दाखविण्याकरितां. येथें फुली हीच पत ठरली. पुढें ज्यांना कायद्यानें पिण्यास मोकळीक होती अशीं तरुण मुलेंही आपण होऊन हातावर फुली काढूं लागलीं, आणि ती खूण देशोदेशीं पसरली.

टीन आयडल्सचें आयुष्य मात्र वर्षभराचेंच. मतभेद झाले, आणि नोव्हेंबर १९८० मध्यें त्यांनीं मंडळ मोडावयाचें ठरविलें. आतां हिशेबाची वेळ आली. या वर्षभरांत जितके म्हणून कार्यक्रम झाले, त्यांची सगळी मिळकत त्यांनीं एका सिगारच्या पेटींत टाकली होती. कोणीं त्यांतून खाजगी खर्चाला एक नाणें काढलें नव्हतें. पेटींत कांहीं शें डॉलर निघाले. चार वाटे केले असते तर प्रत्येकाला एखादी बरी गिटार आली असती आणि गोष्ट तेथेंच संपली असती. त्याऐवजीं त्यांनीं असा विचार केला कीं, मंडळ मोडलें तरी गाणीं तर आपण केलीं. त्यांची एक तबकडी काढावी, म्हणजे आपण होतों याची खूण राहील. गाणीं पूर्वींच मुद्रित करून ठेवलेलीं होतीं. डॉन झिएंटारा नांवाच्या गृहस्थांनीं पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टन येथें आपल्या राहत्या घरांत ‘इनर इयर’ म्हणून एक लहानसें मुद्रणालय थाटलें होतें, तेथें.

तबकडी काढतात कशी हें या मुलांना ठाऊक नव्हतें. जवळच रॉकव्हिल गांवीं स्किप ग्रॉफ यांचें तबकड्यांचें दुकान होतें. त्यांनीं स्वतः कांहीं तबकड्या काढल्या होत्या. त्यांनीं मुलांना सर्व रीत समजावून दिली. कारखान्याकडे मूळ फीत कोठें पाठवावयाची, सांचा कसा होतो, किती प्रती काढल्यास काय दर पडतो, सगळें. हजार प्रती काढावयाचें ठरलें. सात इंचांची तबकडी, तिच्यावर आठ गाणीं, आणि वेष्टनावर फुली काढलेल्या हातांचें छायाचित्र. अशी ती १९८१ च्या आरंभीं बाहेर पडली. या उद्योगाला त्यांनीं नांव दिलें ‘डिस्कॉर्ड’, म्हणजे विसंवाद. आपल्या संगीताविषयीं लोक काय म्हणणार हें त्यांना आधींच ठाऊक असावें.

वेष्टनांची हकीकत मला सर्वांत अधिक आवडते. कागदी वेष्टनें छापून, कापून, चिकटवून आणावयाचीं तर खर्च फार. मग त्यांनीं एका इंग्रजी तबकडीचें वेष्टन हळूच उकललें, त्याचा डिंक सोडवून तें सपाट केलें, आणि त्याच्या कडा कागदावर गिरवून नमुना तयार केला. त्या नमुन्याबरहुकूम मोठे कागद छापून आणले आणि घरीं बसून कात्रीनें कापले, घड्या घातल्या, चिकटविले. मीं अनेक वर्षें हस्तव्यवसायाचा तास घेतला आहे. पन्नास मुलांच्या वर्गाकडून पन्नास पाकिटें करून घेणें म्हणजे काय असतें तें मला विचारा. चाळिसाव्या पाकिटापाशीं कडा वांकड्या होऊं लागतात, डिंक बोटांना लागतो, आणि एखादा मुलगा हळूच खिडकींतून बाहेर पाहूं लागतो. या मुलांनीं आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींनीं पुढच्या कांहीं वर्षांत अशीं हजारों वेष्टनें हातानें केलीं. ज्याला गाणें येत नसे तोही घड्या घालावयास येऊन बसे. मंडळ वाढलें तें असें.

कॅलिफोर्नियाच्या प्रवासांत सामान उचलावयास गेलेल्या दोघांपैकीं एकाचें नांव हेन्री गारफील्ड. तो जॉर्जटाउनमधील एका आइस्क्रीमच्या दुकानांत व्यवस्थापक होता. मॅकेही तेथें कांहीं काळ काम करी. या हेन्रीनें स्वतः एक वाद्यवृंद काढला आणि डिस्कॉर्डची दुसरी तबकडी निघाली ती त्याचीच, त्यानें नोकरींतून साठविलेल्या पैशांनीं. पहिलीचा पैसा परत येईपर्यंत वाट पाहावयास कोणाला सवड होती? हाच मुलगा पुढें हेन्री रॉलिन्स या नांवानें मोठा प्रसिद्ध झाला. १९८१ च्या शरदऋतूंत कांहीं जणांनीं मिळून आर्लिंग्टन येथें एक जुनें घर भाड्यानें घेतलें. वर राहावयाचें, तळघरांत तालीम करावयाची, आणि मधल्या खोलींत टपाल फोडून मागणीप्रमाणें तबकड्या बांधावयाच्या. घराला ‘डिस्कॉर्ड हाउस’ हें नांव आपोआप पडलें.

टीन आयडल्स मोडतांच मॅके आणि नेल्सन यांनीं लाइल प्रेस्लर व ब्रायन बेकर या दोन मित्रांना घेऊन ‘मायनर थ्रेट’ हा नवा वाद्यवृंद काढला. आतां मॅके स्वतः गाऊं लागला. त्याचें ‘स्ट्रेट एज’ नांवाचें एक गाणें आहे. सगळें मिळून पाऊण मिनिटाचें. मादक पदार्थांवांचून माझें अडत नाहीं, उलट त्यामुळें मी चार पावलें पुढें आहें, असा त्याचा आशय. स्ट्रेट एज म्हणजे भूमितींतील ती सरळ पट्टी, जिच्यावर मापाच्या खुणा नसतात. रेघ सरळ ओढावी एवढाच जिचा उपयोग. दुर्दैव असें कीं, कांहीं अनुयायांनीं त्या पट्टीचा छडीसारखा उपयोग केला. या नांवाचा एक पंथच निघाला, आणि कित्येक ठिकाणीं त्यांतील दांडगट पोरें दुसऱ्यांच्या हातांतील पेले उडवूं लागलीं. मी पंथ काढला नाहीं, मी माझ्यापुरतें बोललों, असें मॅके पुढें वारंवार सांगत राहिला. पण एकदां गाणें तोंडातोंडीं झालें म्हणजे तें कर्त्याचें ऐकत नाहीं.

मायनर थ्रेट १९८३ मध्यें संपला. कीर्ति वाढत असतांनाच संपला, ही ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट आहे. मोठ्या कंपनीकडे जावें कीं न जावें, संगीताला कोणतें वळण द्यावें, यांवर चौघांचें एकमत होईना. या ठिकाणीं माझी सहानुभूति दोन्ही बाजूंना आहे. वीस वर्षांच्या मुलाला आपल्या कसबावर पोट भरावेंसें वाटलें तर त्यांत लोभ कोठें आला? परंतु मॅके-नेल्सन यांचेंही खरें होतें. जी पेटी सर्वांनीं मिळून भरली, तिची किल्ली परक्याच्या हातीं द्यावयाची नाहीं, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच सुमारास डिस्कॉर्डवर एक विचित्र संकट आलें. तबकड्या खपत नाहींत म्हणून नव्हे, फार खपतात म्हणून. वाणसामानाचें दुकान ज्यांनीं चालविलें आहे त्यांना हें चटकन् समजेल. दुकानदार तबकड्या आज घेऊन जातो आणि पैसे कांहीं महिन्यांनीं देतो. कारखाना मात्र नवीन प्रतींचे पैसे आधीं मागतो. जितकी मागणी अधिक तितकी रोकड अधिक अडकलेली. हजार प्रतींपर्यंत सिगारच्या पेटीनें काम भागलें. दहा हजारांना तें कसें भागावें? तेव्हां लंडनच्या ‘सदर्न’ या मुद्रणगृहाचे चालक जॉन लोडर यांनीं पुढें होऊन तबकड्या तयार करण्याचा भार आपल्याकडे घेतला. पैसे आधीं न मागतां विक्रींतून वळते करून घ्यावयाचे, असा व्यवहार ठरला, आणि तो दीर्घकाळ चालला. स्वतंत्र संस्थेलाही कोणाचा तरी हात धरावा लागतो. मात्र येथें गाणीं कोणतीं आणि तबकडी कोणाची, हें ठरविण्याचा अधिकार आर्लिंग्टनच्या घरांतच राहिला.

डिस्कॉर्डचे नियम सांगावयाचे तर ते मोजकेच. तबकडी काढावयाची ती वॉशिंग्टन आणि भोंवतालच्या मंडळींचीच. वादकांशीं लेखी करार नाहीं. खर्च भागला कीं उरलेला नफा संस्था आणि वादक यांनीं वाटून घ्यावयाचा. श्रोतेहो, लेखी करार नसणें हें मला स्वतःला पसंत नाहीं. सख्ख्या भावांतही कागद असावा, म्हणजे पुढच्या पिढींत भांडण होत नाहीं, अशा मताचा मी माणूस. परंतु हें कां चाललें याचा विचार करतां मला एक कारण दिसतें. वादक सगळे एकाच शहरांतले. आज ज्याचा हिशेब चुकवावयाचा, तो उद्यां त्याच तळघरांत, त्याच दुकानांत भेटणार. इतक्या जवळच्या माणसाला फसवून राहावयाचें कोठें? हेंच दोनशें गांवांतील वादकांना घेऊन कोणी करूं म्हणेल तर तें फसेल असें मला वाटतें. कराराचें बंधन नसल्यानें जाणाऱ्याला अडविण्याचाही मार्ग नव्हता. ‘जॉबॉक्स’ आणि ‘शडर टु थिंक’ हीं मंडळें १९९० नंतरच्या दशकांत मोठ्या कंपन्यांकडे गेलीं, तेव्हां डिस्कॉर्डनें त्यांना जाऊं दिलें. त्यांच्या जुन्या तबकड्या संस्थेच्या यादींत तशाच राहिल्या.

आतां शेवटचा, आणि माझ्या दृष्टीनें सर्वांत मोठा भाग. १९८७ मध्यें मॅकेनें ‘फुगाझी’ नांवाचा वाद्यवृंद काढला. जो लॅली, ब्रेंडन कॅंटी, आणि थोड्याच दिवसांत येऊन मिळालेला गाय पिचोटो, हे त्यांतील इतर तिघे. पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७ रोजीं वॉशिंग्टनमध्येंच झाला. या चौघांनीं ठरविलें कीं, तिकीट साधारण पांच डॉलरांचेंच असावयाचें आणि कोणत्याही वयाच्या मुलाला आंत येतां यावयाचें. हाताखालीं व्यवस्थापक नाहीं. कार्यक्रम ठरविणें, गाडी हांकणें, सामान उतरविणें सगळें आपलें आपण. तबकडीच्या वेष्टनावर टपालखर्चासह किंमत छापलेली असे, म्हणजे दुकानदारानें मनास येईल तो भाव लावूं नये. स्वतःच्या शहरांत वाजवीत तें बहुधा एखाद्या सार्वजनिक कार्याच्या मदतीसाठीं.

पांच डॉलर ही रक्कम कशी परवडत असे? उत्तर साधें आहे. ज्या गोष्टींवर इतरांचे पैसे जातात त्या यांनीं ठेवल्याच नाहींत. जाहिरात थोडी, नोकर थोडे, हॉटेलाऐवजीं ओळखीच्या माणसाच्या घरीं पथारी. इतर मंडळी आपल्या नांवाचे सदरे विकून मोठी प्राप्ति करतात. यांनीं तेंही नाकारलें. तेव्हां कोणा हुशार माणसानें ‘हा फुगाझीचा सदरा नव्हे’ असें छापलेले सदरे विकावयास काढले!

अशा संगीताच्या वेळीं पुढच्या रांगांतील दांडगीं मुलें एकमेकांवर आदळतात, आणि त्यांत लहान मुलें व मुली चेंगरतात. फुगाझीची मंडळी तें खपवून घेत नसत. गाणें मध्येंच थांबवून त्या मुलाला अगदीं सभ्य शब्दांत समज देत. ऐकलें नाहीं तर त्याला बाहेर काढीत आणि त्याच्या हातांत एक पाकीट ठेवीत. पाकिटांत त्याचे पांच डॉलर परत! शिस्तीच्या अनेक तऱ्हा मीं शाळेंत पाहिल्या; शिक्षेबरोबर फी परत करणारा शिक्षक मात्र पाहिला नाहीं.

कीर्ति वाढली तशा मागण्या आल्या. १९९३ मध्यें ‘इन ऑन द किल टेकर’ ही तबकडी निघाली तेव्हां ती देशांतील खपाच्या मुख्य यादींत चढली. त्या वर्षीं अटलांटिक कंपनीचे प्रमुख अहमत एर्तेगुन हे स्वतः त्यांना भेटले आणि आपल्याकडे येण्याविषयीं त्यांनीं आग्रह केला. एर्तेगुन म्हणजे त्या व्यापारांतील भीष्माचार्यच. मंडळींनीं त्यांचें बोलणें आदरानें ऐकून घेतलें आणि नकार दिला. याच मंडळींनीं १९९० च्या नाताळांत लॉर्टन येथील तुरुंगांत कैद्यांपुढें कार्यक्रम केला होता, आणि १२ जानेवारी १९९१ रोजीं आखाती युद्धाच्या निषेधार्थ राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोरच्या बागेंत, कडाक्याच्या थंडींत वाजविलें होतें. तेथें तर पांच डॉलरही नव्हते.

पंधरा वर्षें ही मंडळी हिंडली. शेवटचा कार्यक्रम ४ नोव्हेंबर २००२ रोजीं लंडनमध्यें झाला. चौघांचे संसार वाढले होते, घरचीं कामें होतीं. मंडळ मोडल्याचें जाहीर न करतां ते थांबले. मनें फाटलीं नाहींत, कोणी कोर्टांत गेलें नाहीं.

प्रवासांत त्यांच्याबरोबर असणाऱ्या ध्वनियोजकांनीं बहुतेक कार्यक्रम फितीवर उतरवून ठेवले होते. आठशेंहून अधिक कार्यक्रमांच्या फिती निघाल्या. २०११ च्या डिसेंबरांत संगणकाच्या जाळ्यावरून त्या लोकांना खुल्या करण्यास आरंभ झाला. किंमत सुचविली ती पांच डॉलर. ज्याला शक्य नसेल त्यानें एक द्यावा, ज्याला द्यावेसे वाटतील त्यानें शंभर द्यावे, अशी मुभा ठेवली. फितींची सफाई फारशी केलेली नाहीं. तुटलेली तार, बिघडलेला ध्वनिक्षेपक, प्रेक्षकांतील कोणाची तरी आरडाओरड, सगळें जसेंच्या तसें. भाच्यानें मला त्यांतील एक ऐकविली. गाणें भरांत आलेलें असतांना एकाएकीं वाद्यें थांबतात. मॅकेचा आवाज येतो. पुढच्या रांगेंतील कोणाला तरी तो शांतपणें सांगतो आहे कीं, तुझ्या शेजारच्या मुलीला लागतें आहे, जरा मागें सर. क्षणभर शांतता. मग ढोलावर चार टोले पडतात, आणि जेथें सोडलें होतें तेथूनच गाणें पुढें सुरू होतें.